देवाला नाही, फिरायला

आत्या, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजाराच्या दिवशी सकाळी तू गेलीस. राहू गावच्या मळ्यात झेंडूची तोडणी चालू होती. तू बांधावर बसलीस, सून मनीषाकडे पाणी मागितलंस आणि ती तांब्या घेऊन येईपर्यंत आडवी झालीस. तुझ्या मुलाने, संदीपने, तुला गाडीत घालून दौंडला नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि वाटेतच सगळं संपलं होतं असं सांगितलं. कारण हृदयविकाराचा झटका. बातमी एवढीच आहे.

ती मीच लिहिली. वर्तमानपत्रात इतकी वर्षं काढल्यावर गेलेल्या माणसाबद्दल काय लिहायचं हे हाताला सवयीचं असतं: नाव, वय, गाव, मागे कोण, अंत्यसंस्कार कुठे. मजकूर पाठवल्यावर डेस्कवरच्या सहकाऱ्याचा फोन आला. 'धार्मिक वृत्तीच्या होत्या' असं घालू का, असं तो विचारत होता. बायकांच्या निधनवार्तेत ते घालायची पद्धत आहे. मी नको म्हणाले. मग काय घालू, असं त्याने विचारलं. 'त्यांना फिरायची आवड होती' असं घाल, मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी अंक पाहिला तर ते वाक्य नव्हतं. जागा नव्हती, असं तो म्हणाला.

म्हणून हे इथे लिहिते आहे. इथे जागा आहे.

आपल्याकडे बाई घराबाहेर पडते ती कशासाठी तरी. माहेराला, बाळंतपणाला, लग्नाला, मयतीला, दवाखान्याला, बाजाराला. यातलं काहीही नसेल आणि तरी पिशवी भरून चार दिवस जायचं असेल, तर देवाला. देवाला म्हटलं की कोणी अडवत नाही. उलट आमच्या नावाचाही नारळ फोडा म्हणून सांगतात. कितीतरी बायकांनी या एका शब्दाच्या आडून समुद्र पाहिला, थंड हवेची ठिकाणं पाहिली, आईस्क्रीम खाल्लं. तुला तो शब्द चालत नव्हता. तुझं देवाशी काही वाकडं नव्हतं. रोज सकाळी देव्हाऱ्यात झेंडूचं पहिलं फूल तूच ठेवायचीस, आणि गावच्या जत्रेत पालखीपुढे नाचायचीस. पण गोव्याला चालली असलीस तर तू गोव्याला चालली आहेस असंच सांगायचीस.

गोव्याचीच गोष्ट पहिली. तुझे मालक, मामा, गेल्यानंतर तीन-चार वर्षांनी तुम्ही तिघी निघालात. तू, तळेगावच्या बाजारात तुझ्या शेजारी मेथी-कोथिंबीर घेऊन बसणारी हिरा, आणि तुझ्या शाळेतली यमुना, जिचं घर पाटसला. जीपमध्ये पुढच्या सीटवर तुझे दीर नाना बसले होते. सोसायटीचे माजी चेअरमन, गळ्यात तुळशीची माळ. त्यांनी मागे वळून पिशव्या बघितल्या आणि विचारलं, "कुठल्या देवाला, वहिनी?"

"गोव्याला."

"गोव्यात कुठला देव?"

"देव घरी हाय, नाना. त्याला सांगूनच निघालेय. फिरायला चाललोय आमी."

मग हिराने अगदी साध्या आवाजात, नाना, तुमच्यासाठी गोव्याहून काय आणू, असं विचारलं. जीप हसली. नाना हसले नाहीत. हे मला हिराने सांगितलं, आणि ड्रायव्हरनेही स्वतंत्रपणे सांगितलं. दोघांचं सांगणं जुळतं.

दुसऱ्या दिवसापर्यंत ते तिन्ही गावांत झालं. विधवा बाई गोव्याला गेली, ती फिरायला. संदीप तेव्हा रांजणगावच्या एका कंपनीत नवीन लागला होता. कँटीनमध्ये कोणी विचारलं की तो सांगायचा, आई देवाला गेलीय. तुला ते कळलं होतं. तू त्याला कधी काही बोलली नाहीस, पण मला म्हणालीस, "त्याची शिफ्ट बदलली की त्याचा देव बदलतो. कवा मंगेशी, कवा शांतादुर्गा."

तुझं फिरणं स्वस्तातलं होतं, आणि त्याची तुला लाज वाटत नव्हती. तुम्ही पितृपक्षात निघायचात. त्या पंधरवड्यात कोणी शुभ काम काढत नाही. लग्न नाही, वास्तुशांत नाही, त्यामुळे झेंडूला भाव नाही, खोल्या रिकाम्या आणि गाड्यांना गर्दी कमी. पितृपक्षात कुठं बाहेर पडतात का, असं यमुनेच्या नवऱ्याने विचारलं तेव्हा तू म्हणालीस, आम्ही शुभ काम कुठं करतोय, फिरायलाच तर चाललोय. समोरच्याचंच बोलणं त्याच्या हातात परत द्यायची ही तुझी खोड होती.

राज्यात असेल तर एसटीचं अर्धं तिकीट, बाहेर असेल तर दौंडहून स्लीपर. रात्रीची गाडी, म्हणजे एक मुक्काम वाचला. पहिले दोन दिवस धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, तिसऱ्या दिवशी पिशवीतला छोटा कुकर. खोली दाखवायला आलेल्या माणसाला तू आधी भाव विचारायची नाहीस. नळ सोडून बघायचीस, खिडकी उघडून बघायचीस, गादीवर बसून बघायचीस, आणि मग असं काही तोंड करायचीस की तो स्वतःच भाव खाली आणायचा. जेवायला कुठे जायचं हे हॉटेलवाल्याला न विचारता भाजीवाल्याला विचारायचीस. सीझन संपल्यावर काय मजा, असं मी एकदा म्हणाले होते. "सीझन संपला की समुद्र कमी व्हतो का?" तू विचारलंस.

भिशीतल्या बाकीच्या बायकांनी आपापल्या नंबरात मिक्सर घेतले, कानातले केले. तुम्ही तिघींनी रेल्वेची तिकिटं काढली. मिक्सर दिसतो. फिरून आलेलं दिसत नाही, म्हणून लोकांना ते उधळपट्टी वाटतं. हे मी आता लिहिते आहे. तू इतकं बोलली नसतीस.

नेपाळला मीही होते. दौंडहून गोरखपूर, तिथून बसने सीमा, आणि पुढे डोंगरातली ती बस, जिच्यात हिराने एका बाजूला झुकून सगळा डोंगर एकटीने तोलून धरला. पासपोर्ट लागत नाही म्हणून तू नेपाळ निवडलंस. काठमांडूला न जाता पोखऱ्याला गेलीस, कारण तिथे तळं होतं. आपण चौघी नावेत बसलो. तळ्याच्या मध्यावर तू नावाड्याला हाताने थांब म्हणून खुणावलंस. त्याला वाटलं काही बिघडलं. समोर बर्फाचे डोंगर होते, यमुनेने हात जोडले होते, हिरा धपाटा खात होती. तू मात्र मान फिरवून चारी बाजू बघत होतीस.

"कुठंबी बघितलं तरी जमीन दिसती," तू म्हणालीस. "एकदा न दिसंल अशा पाण्यात बसायचंय."

मला ते तेव्हा विशेष वाटलं नाही. तू पुन्हा काढेपर्यंत मी विसरूनही गेले होते.

परत आल्यावर काय झालं ते गावाला ठाऊक आहे, पण नीट कोणी सांगत नाही. नेपाळ म्हणजे पशुपतिनाथ, असं धरून गल्लीतल्या बायका ताट घेऊन तुझ्या पाया पडायला आल्या. काशी करून आलेल्या माणसाच्या पडतात तसं. तू पाय ओट्यावर घेतलेस. "पाया पडू नका," म्हणालीस, "मी देवळात गेले न्हाई. नावंत बसून आलेय." तरी एकीने ओट्याला हात लावून तो कपाळाला लावलाच. मग तू पिशवीतून पोखऱ्याच्या बाजारातले ते कडक पांढरे तुकडे काढून वाटलेस. नानांनी तुकडा कपाळाला लावला, तोंडात टाकला, आणि दुपारपर्यंत तो गालात फिरवत राहिले. संध्याकाळी त्यांनी भक्तिभावाने विचारलं, हा प्रसाद कुठल्या देवाचा? याकच्या दुधाचं चीज आहे, वाळवलेलं, असं तू सांगितलंस. त्यांनी तो थुंकला नाही. विरघळेपर्यंत चघळला. नानांचं हे मला आवडतं, आणि ते तुलाही आवडायचं.

आता आपल्या भांडणाबद्दल. ते अर्धं राहिलं आहे.

श्रीलंकेचं तू गेल्या दिवाळीत काढलंस. तमिळनाडूत नागपट्टणम नावाचं बंदर आहे, तिथून पलीकडे जहाज जातं, विमानापेक्षा स्वस्त पडतं, हे तुला मनीषाने मोबाइलवर दाखवलं होतं. पावसाळी वाऱ्याच्या महिन्यांत ते बंद असतं आणि समुद्र शांत झाला की सुटतं, म्हणून या वेळी पितृपक्ष सोडून फेब्रुवारी ठरला. पासपोर्टसाठी तुम्ही तिघी पुण्याला आलात आणि फोटोत हसायचं नाही म्हटल्यावर हिराला हसू आवरेना. जहाजाचं तुला एवढंच हवं होतं. मधे कुठे जमीन दिसेनाशी होते का, हे तू मला शोधायला सांगितलंस. मी शोधलं. तास मिळाले, भाडं मिळालं, सामानाची मर्यादा मिळाली. हे कुठे मिळालं नाही.

नानांना डिसेंबरमध्ये कळलं तेव्हा ते तुझ्या घरी आले. रागावून आले नव्हते, तोडगा घेऊन आले होते. लंका म्हणजे सीतामाईचं ठिकाण, अशोकवन तिथेच, तेव्हा तसं सांगा, मी स्वतः गावात पेढे वाटतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मी स्वयंपाकघरात तिकिटं काढत बसले होते आणि मलाही ते पटलं.

तू त्यांना चहा दिलास. मग म्हणालीस, "सीतामाई तिकडं मनानं गेली न्हवती, नाना. मी मनानं चाललेय."

ते गेल्यावर मी तुझ्याशी वाद घातला. जाण्याला महत्त्व आहे, शब्दाला नाही, असं माझं म्हणणं होतं. देवाला म्हण आणि जहाजात बस. कोणाचं काय जातं? शिवाय संदीपला त्रास, यमुनेला घरी त्रास. इतक्या माणसांना एका शब्दासाठी कशाला ताणायचं?

तू भाकरी थापत होतीस. थापताना तुझं बोलणं तुटक यायचं.

"मी म्हणीन देवाला. मग यमुना म्हणंल. मग उद्या मनीषाला जायचं झालं, तर तिनं कुठला देव हुडकायचा? आन् जिथं देवच न्हाई तिथं तिनं जायचंच न्हाई का?"

मी म्हणाले, मनीषाची पिढी वेगळी आहे, तिला कोणी विचारणार नाही. तू तवा फिरवलास आणि म्हणालीस, तिला विचार. मनीषा दारातच होती. तेवढ्यात मळ्यातली लाइट आली आणि तू पिठाच्या हातानेच मोटर चालू करायला पळालीस. परत आलीस तेव्हा विषय बदलला होता. माझं उत्तर तयार होतं, ते तसंच राहिलं. पुढच्या वेळी देईन असं मी धरलं होतं.

पुढची वेळ दहाव्याची.

नदीवर पिंड ठेवले. तुला तो सगळा प्रकार माहीत आहे, तू कितीतरी दहाव्यांना उभी राहिली आहेस. कावळा शिवेना. झाडावर कावळे होते, खाली येत नव्हते. मग रीतीप्रमाणे एकेक जण पुढे होऊन तुझी राहिलेली इच्छा पुरी करायचं वचन देऊ लागला. संदीपने घराचा वरचा मजला पुरा करीन म्हणून सांगितलं. तुझ्या बहिणीने नातीच्या लग्नाचं बघते म्हणून सांगितलं. कावळा हलला नाही. बारा वाजत आले, भटजी घड्याळाकडे बघू लागले. तेव्हा नाना पुढे झाले. वहिनी, तुमच्या अस्थी रामेश्वरला नेऊ, असं त्यांनी मोठ्याने म्हटलं. त्याच क्षणी मागून, बायकांच्या घोळक्यातून, हिरा म्हणाली, "मालन, आमी जातो गं. फिरायलाच जातो."

कावळा खाली आला आणि पिंडाला शिवला.

कोणाच्या शब्दाला शिवला, यावर गावात दोन पक्ष आहेत. मी तिथे होते, म्हणून दोघेही माझ्याकडे आले. तू पेपरवाली, तू सांग. मी जे पाहिलं ते सांगितलं: दोघं एकदमच बोलत होते आणि कावळा तेव्हा निघाला. नानांनी यावर मान हलवली, म्हणजे रामेश्वरच. हिराही म्हणाली, म्हणजे फिरायलाच. नेमकं सांगूनही काही उपयोग होत नाही, हे माझ्या धंद्यात नवीन नाही.

नानांचा तोडगा वरवर चांगला होता. नागपट्टणमहून रामेश्वर फार लांब नाही. तिकिटं काढलेलीच आहेत, ती परत होत नाहीत. तेव्हा हिरा-यमुनेसोबत संदीपने जावं, रामेश्वरला अस्थी सोडाव्यात आणि सगळ्यांनी तिथूनच माघारी यावं. वहिनींचंही होईल, यांचंही देवदर्शन होईल. खर्च कमी पडला तर ते स्वतः घालणार होते. त्यांच्या मनात खोट नव्हती, हे इथे लिहायला हवं. तू असतीस तर तूही मानलं असतंस. पण त्या तोडग्यात जहाज नव्हतं. आणि माणूस जाऊन महिना झाला नाही तोवर या दोघी मजा मारायला समुद्रापार जाणार, हे त्यांना सहन होत नव्हतं.

आत्या, मजा या शब्दापाशी मला थांबायचं आहे. तू आयुष्यभर पहाटे उठून फुलं तोडलीस. ती लोकांच्या लग्नांत, दुकानांवर, गाड्यांवर, तिरड्यांवर गेली. वर्षातले थोडे दिवस, सगळ्यात स्वस्त दिवस, तू स्वतःसाठी ठेवलेस आणि त्यांना त्यांच्या नावाने हाक मारलीस. यात लपवण्यासारखं काय होतं हे मला त्या वेळीही कळलं नाही. फक्त मला वाटायचं की लपवणं सोपं आहे. सोपं आहेच. पण त्यापायी आज तुझ्या निधनवार्तेत एक वाक्य छापायला जागा मिळत नाही.

तेराव्याला जेवणं झाल्यावर अंगणात बैठक बसली. नाना, यमुनेचा नवरा, भावकीतले चार जण. यमुनेचे मालक साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून नानांच्या पॅनेलमध्ये आहेत, तेव्हा त्यांचं मत नानांचंच होतं. यमुना खाली बघून पदराचा काठ चाचपत होती. हिरा म्हणाली, मी एकटी गेले तरी जाईन, पण मला हिंदी येत नाही आणि तमिळ तर त्याहून येत नाही. कोणी हसलं नाही.

मग संदीप बोलला. तो ओट्याच्या पायरीवर बसला होता, डोक्यावरचे केस नुकतेच उतरवलेले.

"नाना, अस्थी माझ्या आईच्या हायेत. त्या मी नेईन, उन्हाळ्यात, माझ्या पायानं. हिरामावशी आन् यमुनामावशी फिरायला चालल्यात. आई बी फिरायलाच चालली व्हती."

तो हा शब्द बोलल्याचं मी तुझ्या हयातीत एकदाही ऐकलेलं नाही. मनीषा दाराशी उभी होती. तिने आत जाऊन पुन्हा सगळ्यांना चहा आणला, एवढंच.

लेकच म्हणतोय तर मी कोण, असं म्हणून नाना उठले. जाताना हिराला म्हणाले, समुद्राकडे तोंड करून तरी हात जोडा, तिच्या नावानं. हिरा हो म्हणाली.

यमुनेचं मात्र सुटलं नव्हतं. तिच्या मालकांनी तिला पाठवायचं कबूल केलं, एका अटीवर. घरात, भावकीत आणि सोयऱ्यांत रामेश्वर असंच सांगायचं. तू जहाजात बस नाहीतर विमानात, पण नाव रामेश्वरचं. यमुनेने बरं म्हटलं. मी डिसेंबरमध्ये तुला जे सांगत होते, तेच त्यांनी तिला सांगितलं होतं. जवळजवळ त्याच शब्दांत.

दौंड स्टेशनवर मी, मनीषा आणि यमुनेचे मालक सोडायला गेलो. मनीषाने धपाट्यांचा डबा आणला होता, तुझ्या मापाचा, दोन दिवसांचा. फलाटावर पाटसचं एक ओळखीचं जोडपं भेटलं. कुठं निघालात, त्यांनी विचारलं. यमुनेच्या मालकांनी लगेच सांगितलं, रामेश्वरला. यमुनेने पदर नीट केला आणि गाडी येणार होती त्या बाजूला बघत राहिली. हिराने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "यमुने, मी कोणासंगं चाललेय ते एकदा नक्की कर बाई. देवाच्या माणसासंगं का बिनदेवाच्या?" यमुना म्हणाली, गप बस, गाडी आली.

गाडी हलताना मनीषाने खिडकीतून हिराचा हात धरला आणि पुढच्या भिशीत माझं नाव घाला, असं तिला सांगितलं. कशासाठी ते हिराने विचारलं नाही.

यापुढचं मी पाहिलेलं नाही. हे दोघींनी फोनवर वेगवेगळ्या वेळी सांगितलं आहे आणि जिथे जुळत नव्हतं ते मी गाळलं आहे. तिकीट तपासणाऱ्याने यादीतलं तिसरं नाव वाचून मालन कोण, असं विचारलं. ती आली नाही, असं यमुनेने सांगितलं. सोलापूरला तुझा बर्थ एका बाळंतिणीला मिळाला. चेन्नईत त्यांनी रात्रीची गाडी धरली. नागपट्टणमला खोली बघताना हिराने नळ सोडून बघितला, खिडकी उघडून बघितली, पण तोंड तुझ्यासारखं करता आलं नाही, तेव्हा थोडे जास्त गेले. जहाज वाऱ्यामुळे एक दिवस उशिरा सुटलं. मधला दिवस त्यांनी भाजीबाजारात काढला. पलीकडे पोचल्यावर हिराने पाण्याकडे तोंड करून नानांनी सांगितलं तसे हात जोडले.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: मधे जमीन दिसेनाशी होते. दोघींनी वेगवेगळ्या बाजूंनी उभं राहून पाहिलं. कुठूनच दिसत नाही.

राहिली बंदरावरची गोष्ट. ती यमुनेने सांगितली नाही, हिराने सांगितली. म्हणून मी यमुनेला परत फोन करून खात्री करून घेतली.

पासपोर्ट तपासणाऱ्या खिडकीवर आधी यमुना होती. नऊवारी, कपाळाला बुक्का, हातात धपाट्यांच्या रिकाम्या डब्याची पिशवी. अधिकाऱ्याने इंग्रजीत काहीतरी विचारलं, ते तिला कळलं नाही. मग त्याने हिंदीत विचारलं, किसलिए जा रहे हो? त्याने तिच्याकडे बघितलं आणि स्वतःच उत्तर दिलं. मंदिर? भगवान?

यमुना म्हणाली, "न्हाई. फिरायला."

त्याने शिक्का मारला.